सबवूफर अखेर जुळला!

आजचा दिवस सबवूफर (खालचे, जड सूर म्हणजे बास वाजवणारा वेगळा स्पीकर) आणि माझे स्पीकर जुळवण्यात गेला. आत्ता ऐकताना फार बरं वाटतंय.

चांगल्या स्टीरिओ स्पीकरना सबवूफर जोडला की गाणं बिघडतं, असं बरेच जण ठामपणे सांगतात. मला ते पटत नाही. बिघडवते ती घाई. माझे स्पीकर साधारण 45 हर्ट्झपर्यंत नीट उतरतात, म्हणून क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफर वाजवतो ती सीमा) 50 हर्ट्झच्या आसपास ठेवला. होम थिएटरमध्ये सर्रास ठेवतात तो 80 चा आकडा इथे डोळे झाकून लावायचा नाही.

खरा वेळ खाल्ला जागेनं. 40 हर्ट्झची लाट जवळजवळ साडेआठ मीटर लांब, खोलीच त्याहून लहान! त्यामुळे एका कोपऱ्यात नुसतं घुमतं आणि दोन पावलांवर बास नाहीसा. मग सबवूफर थेट माझ्या खुर्चीच्या जागी ठेवला, डबल बासची (खर्जात वाजणाऱ्या मोठ्या तंतुवाद्याची) रेकॉर्डिंग लावली आणि भिंतीकडेनं रांगत, कान देत फिरलो. जिथे प्रत्येक सूर सुटा आणि सारख्याच वजनाचा ऐकू आला, ती त्याची जागा (कोपरा नव्हे, डाव्या स्पीकरच्या जरा आत).

फेज (सबवूफरच्या लाटा स्पीकरच्या लाटांशी जुळवायची सेटिंग) 0 वरून 180 अंशांवर नेल्याबरोबर बास भरून आला. मग व्हॉल्यूम उतरवत गेलो, सबवूफर वेगळा ऐकू येईनासा होईपर्यंत. आता तो बंद केला की डबल बासचा लाकडी भरीवपणा जातोच, पण गायिकेभोवतीची मोकळी जागाही आक्रसते. हे मला सगळ्यात जास्त आवडलं.

उद्या पाइप ऑर्गन लावणार!