लिंबूटिंबूवर राज्य येत नाही

पाच वर्षांचं एखादं शेंडेफळ मोठ्या मुलांच्या डबा ऐसपैसमध्ये घुसलं की मुलं त्यावर फार वेळ घालवत नाहीत. 'हा लिंबूटिंबू' असं एकानं जाहीर करायचं, बाकीच्यांनी 'चालेल' म्हणायचं, की खेळ सुरू. कुठे त्याला कच्चा लिंबू म्हणतात. तो पळतो, लपतो, सगळ्यांपेक्षा जास्त ओरडतो, पण सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. वर्षा-दोन वर्षांनी एके दिवशी तोच म्हणतो, 'मी आता लिंबूटिंबू नाही.' मग त्याला राज्य घ्यावं लागतं, आणि पहिल्यांदा राज्य आलं की बहुतेक वेळा तो रडतो.

या एवढ्याशा व्यवस्थेत किती गोष्टी बसवल्या आहेत बघा. लहानाला सवलत आहे, पण खेळाबाहेर काढलेलं नाही. सवलतीची किंमत आहे, कारण त्यानं कुणाला पकडलं तरी ते धरत नाहीत. आणि सवलत कधी सोडायची हे शेवटी त्याच्यावर आहे. मोठ्या माणसांच्या संस्थांना हे तिन्ही एकत्र क्वचितच जमतं.

पाळी, न्याय, शब्द पाळणं, हार पचवणं या गोष्टी मुलं मुख्यतः बरोबरीच्या मुलांत शिकतात, असं माझं ठाम मत आहे. घर त्यासाठी शब्द पुरवतं, शाळा गर्दी पुरवते. आपण मात्र सगळा भर सुविचार आणि बोधकथांवर देतो, आणि ज्या तासाभरात हे शिकणं होतं तो संध्याकाळचा तास क्लासला देऊन टाकतो.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा मुलांच्या नैतिक विचारावरचा अभ्यास १९३२ साली प्रसिद्ध झाला. त्याची सुरुवात चोरी-खोटेपणापासून होत नाही, गोट्यांपासून होते. न्यूशातेल आणि जिनिव्हातल्या मुलांना ते विचारत: हा खेळ कसा खेळतात? नियम कुणी केले? तू नवा नियम काढलास तर चालेल का? लहान मुलं सांगत की नियम मोठ्यांनी केलेत, कुणी म्हणे देवानं, आणि ते बदलता येत नाहीत. गंमत अशी की खेळताना हीच मुलं नियम बिनदिक्कत मोडत, आणि एकाच डावात सगळेच जिंकत. सात-आठच्या सुमारास समोरच्यावर मात करायची ओढ लागते, आणि म्हणूनच दोघांना एकच नियम हवासा वाटतो. अकरा-बाराव्या वर्षी मुलं नियमांचा कीस पाडणारे वकील होतात, पण त्याच वेळी 'सगळ्यांना मान्य असेल तर बदलू' असंही म्हणू लागतात.

याचा रोजच्या जगण्यात उपयोग असा. पाच वर्षांची मुलगी ठिक्करमध्ये दुसरीचा पाय रेषेला लागला म्हणून आकांडतांडव करते आणि पुढच्याच मिनिटाला स्वतः रेषेवर उभी राहते. ती लबाड नाही. नियम तिला पवित्र वाटतो, फक्त तो स्वतःच्या पायाला लावून बघणं अजून जमत नाही. तिला 'चीटर' म्हणू नका. 'तुझा पाय कुठे आहे बघ' एवढं पुरतं.

आता राज्य कुणावर, हे ठरवण्याची पद्धत. चकताना तिघं जण हात एकत्र हलवतात आणि एकदम तळवा उताणा किंवा पालथा ठेवतात. जो वेगळा तो सुटला. तीन तळव्यांच्या आठ शक्यता होतात, त्यातल्या दोनच वेळा तिघं सारखे येतात. म्हणजे चारात तीनदा कुणीतरी सुटतंच, आणि प्रत्येकाची संधी सारखी. शेवटी दोघं उरले की आधी सुटलेला एक जण तिसरा म्हणून मध्ये येतो. इतकी स्वच्छ सोडत, साधन शून्य! पण यातही लबाडी चालते. हात किंचित उशिरा टाकायचा, ही सगळ्यांना माहीत असलेली. दुसरी जरा हुशारीची: दोघांनी आधीच ठरवायचं, एकानं उताणा आणि दुसऱ्यानं पालथा. मग तिसऱ्यानं काहीही ठेवलं तरी तो दोघांपैकी एकासारखाच येतो आणि सुटत नाही. गाणं म्हणत बोट फिरवून मोजण्यातही असंच. बारा ठेके आणि पाच मुलं असतील तर ज्याच्यापासून मोजायला सुरुवात केली त्याच्या शेजारच्यावरच शेवटचा ठेका पडणार. हे गणित ज्या मुलाला पहिल्यांदा उमगतं, त्याच्या हातात त्या दिवशी सत्ता येते. ती तो वापरतो का, वापरली तर किती दिवस, आणि पकडला गेल्यावर गँग काय करते, हा मूल्यशिक्षणाचा तास कुठल्याही वेळापत्रकात नसतो.

विषामृत हा मला या दृष्टीनं सगळ्यात श्रीमंत खेळ वाटतो. राज्य असलेल्यानं 'विष' म्हणून शिवलं की जागच्या जागी थिजायचं. दुसऱ्या कुणी येऊन 'अमृत' दिलं तरच सुटायचं. सोडवायला जाणारा स्वतः पकडला जाऊ शकतो. एखादं मूल फक्त आपल्या जिवलग मैत्रिणीलाच सोडवतं, एखादं कुणालाच नाही, आणि एखादं दर वेळी धावत जाऊन दर वेळी पकडलं जातं. चार दिवसांत हा हिशेब सगळ्यांच्या डोक्यात तयार असतो, आणि जो कुणाला सोडवत नाही तो थिजलेलाच राहतो. कुणी भाषण देत नाही.

पियाजे यांना मुलींचे खेळ नियमांच्या बाबतीत साधे वाटले होते. त्यांनी सागरगोटे पाहिले असते तर मत बदललं असतं, असं मला वाटत आलं आहे. एक गोटा उचलताना शेजारचा हलला तर डाव गेला. हलला की नाही हे पुष्कळदा खेळणारीच्या बोटालाच कळतं, बघणाऱ्यांना दिसत नाही. 'हलला' असं आपणहून सांगणारी मुलगी आणि गप्प राहणारी मुलगी यांच्यातला फरक मैत्रिणी वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

तर मग बिघडतं कुठे? पहिलं म्हणजे आपण पंच होतो. भांडणाचा आवाज आला की गॅलरीतून 'काय चाललंय रे?' येतं. त्याबरोबर मुलांचं लक्ष एकमेकांवरून उडून आपल्याकडे वळतं. आता समोरच्याला पटवायची गरज उरत नाही, आपल्याला पटवलं की झालं. चहाडी वाढते ती इथून. मारामारी नसेल तर दोन-तीन मिनिटं थांबून बघा. बहुतेक भांडणं 'डाव परत' यावर मिटतात. नाहीच मिटली तर जवळ जाऊन एवढंच विचारावं, 'तुमचा नियम काय ठरला होता?' निकाल देऊ नये. नियम ठरलाच नव्हता असं निघालं तर तो आता ठरवा म्हणावं आणि निघून यावं. निघून येणं सगळ्यात अवघड.

दुसरी चूक घरातली. 'तू मोठा आहेस ना, दे सोडून.' मोठ्याला यातून त्याग कळत नाही, मोठं असणं हा तोट्याचा व्यवहार आहे एवढं कळतं. आणि धाकट्याला रडण्याचा भाव कळतो. लिंबूटिंबूच्या नियमात मोठी मुलं सवलत स्वतः देतात, म्हणून ती कडवट होत नाही. घरातही तसंच विचारावं: 'ती चार वर्षांची आहे, तिला कितपत सूट द्यायची?' मोठा आश्चर्य वाटेल इतकी सूट देतो.

वाटणीबद्दल एक नोंद. भारतासह सात देशांतल्या मुलांवर केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. एकाला चार गोळ्या, दुसऱ्याला एक, अशी मांडणी समोर ठेवायची आणि एका मुलानं ती स्वीकारायची किंवा नाकारायची. नाकारली तर दोघांनाही काही नाही. आपल्याला कमी मिळतंय म्हणून नाकारणारी मुलं सातही देशांत होती. आपल्याला जास्त मिळतंय म्हणून नाकारणं मात्र अमेरिका, कॅनडा आणि युगांडा इथल्या मोठ्या मुलांतच स्पष्ट दिसलं. यावरून आपली मुलं स्वार्थी ठरत नाहीत. पण आपल्या ताटातलं जास्तीचं दिसायला सराव लागतो, हे धरून चालावं. सोपा सराव म्हणजे चिक्की एकानं तोडायची आणि दुसऱ्यानं आधी उचलायची. तोडणाऱ्याचा हात दोन दिवसांत मोजून-मापून चालू लागतो. तिघं असतील तर तोडणाऱ्यानं शेवटी घ्यायचं.

तिसरी गोष्ट, 'सॉरी म्हण.' तोंडातल्या तोंडात सॉरी पुटपुटून मूल पळतं आणि त्याच्या लेखी प्रकरण मिटतं. त्याऐवजी काय झालं ते शब्दांत मांडावं. 'तू ढकललंस, तिचा गुडघा खरचटला, आता तिला पळता येत नाहीये. काय करू या?' पाणी आणणं, हळद लावायला सोबत जाणं, तिच्या पाळीला तिच्यासाठी पळणं, असं काही ना काही निघतं. परिणाम दाखवून देण्याची ही पद्धत धाक किंवा अबोल्यापेक्षा जास्त टिकते, हे मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन यांच्यापासूनच्या कामातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. शब्द मात्र थोडे हवेत. पंधरा मिनिटं समजावणं हीसुद्धा शिक्षाच असते.

बक्षिसाबद्दलही सावध राहावं. वीस महिन्यांच्या मुलांना मदत केल्यावर खेळणं द्यायला सुरुवात केली, तर बक्षीस थांबल्यावर त्यांची मदत कमी झाली, असं मानसशास्त्रज्ञ फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ साली दाखवलं. ज्यांना काहीच दिलं नव्हतं ती मुलं मदत करत राहिली. पाण्याची बाटली भरली की स्टार, ताट उचललं की स्टार, हा तक्ता फ्रीजवरून काढलात तरी चालेल.

हरल्यावर पट उधळणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी घरी पटकन संपणारे, नशिबावर चालणारे खेळ निवडावेत. पत्त्यांतली भिकार-सावकार कधी कधी तासभर चालते आणि हार जिव्हारी लागते. सापशिडी बरी, त्यातही शंभरऐवजी पन्नासला घर धरायचं आणि लगेच दुसरा डाव मांडायचा. (आपला जुना मोक्षपट हा सापशिडीचाच भाऊ. त्यात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. फासा मात्र पुण्य-पाप न बघता पडतो, ही त्यातली खोच.) मुद्दाम हरू नका, मुलांना ते कळतं. आपण हरलो की 'अरेरे, हरलो, परत मांडू' असं मोठ्यानं म्हणा. हरताना काय बोलायचं हे मूल ऐकूनच शिकतं. रडीचा डाव खेळणाऱ्याला खेळाबाहेर काढायचं काम मुलांवर सोडा, पण दुसऱ्या दिवशी त्याला परत घेतात ना, यावर लक्ष ठेवा.

शाळेबद्दल दोनच मुद्दे. तीन-चार वर्षांच्या मुलांनाही 'मारणं' आणि 'मोजे न घालणं' यांतला फरक कळतो, हे मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून १९७०च्या दशकापासून पुढे आलं. 'बाईंनी चालेल म्हटलं तर?' असं विचारलं की मोजे चालतात, मारणं तरीही चालत नाही. आणि शाळा काय करते? दोन्हींना एकाच आवाजात ओरडते. गणवेशासाठी वेगळा सूर आणि कुणाला दुखावण्यासाठी वेगळा सूर, एवढं पाळलं तरी पुष्कळ. दुसरा मुद्दा मॉनिटरचा. बाई बाहेर गेल्यावर बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, हे काम नऊ वर्षांच्या मुलाला दिलं की तो आठवड्याभरात मित्रांची नावं गाळायला आणि चॉकलेटच्या बदल्यात पुसायला शिकतो. मॉनिटर दर आठवड्याला बदला आणि नावं लिहिण्याऐवजी वाटपाची कामं द्या: वह्या, खडू, मैदानावरचं साहित्य.

पीटीच्या तासाला गडी वाटताना दोन कप्तान एकेक नाव घेतात आणि शेवटी तेच दोघं उरतात, रोज. त्यापेक्षा जुनी जोडीची पद्धत वापरा. साधारण सारख्या ताकदीच्या दोघांनी बाजूला जाऊन गुपचूप नावं घ्यायची, एक चंद्र, एक सूर्य. मग कप्तानांना विचारायचं, 'चंद्र हवा की सूर्य?' संघ आपोआप समतोल होतात आणि शेवटी उरण्याची नामुष्की कुणावर येत नाही. जोड्या मुलांनाच लावू द्या. कोण कुणाच्या तोडीचं हे त्यांना आपल्यापेक्षा नेमकं माहीत असतं.

मध्ये पडायचं ते केव्हा? हातात दगड-काठी आली की ताबडतोब. एकाच मुलावर दिवसेंदिवस राज्य ठेवलं जात असेल, जात, रंग, जाडी किंवा बोलण्याची ढब यावरून चिडवणं चाललं असेल, किंवा कट्टी एकाशी एकाची न राहता सगळ्यांची एकाशी झाली असेल, तर 'मुलं आहेत, मिटेल' म्हणून सोडू नये. तिथेही फक्त म्होरक्याला धरून उपयोग होत नाही. फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ साली दाखवलं की त्रास देणाऱ्याभोवती साथ देणारे, हसणारे आणि नुसते बघणारे यांचं एक वर्तुळ असतं. त्या बघणाऱ्यांतल्या दोघा-तिघांना बाजूला घेऊन सांगावं: उद्या तू त्याला हाक मार, त्याच्यासोबत डबा खा. पहिली हाक मारायला एकटं मूल कचरतं, म्हणून दोघं तरी लागतात.

शेवटी साधनांचं. 'ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग' हा नियम जिथे आहे तिथे आउट झाल्यावर बॅट घेऊन घरी जाणं हे हत्यारही आहे. सोसायटीनं वर्गणीतून एक बॅट, दोन रबरी चेंडू आणि लगोरीसाठी सात चपट्या फरश्यांचे तुकडे आणून वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवावेत. पाच ते अकरा वयाची सहा-आठ मुलं, रोज पाऊण तास. मोठ्यांची खुर्ची हाक ऐकू येईल इतकी जवळ आणि भांडणातले शब्द ऐकू येणार नाहीत इतकी लांब.