गुरू निघाला सिंहेकडे, आपण ट्रॅफिकमध्ये

आज पंचवटीत मावशीकडे गेले, तर रामकुंडाच्या रस्त्याला ही गर्दी, त्यात खोदकाम, रिक्षावाले काका म्हणे ताई सिंहस्थ येतोय, सहन करा. सिंहस्थ म्हणजे गुरू सिंह राशीत आला की भरणारा आपला नाशिकचा कुंभमेळा. गुरूला एका राशीत साधारण वर्ष लागतं, बारा राशी फिरायला जवळजवळ १२, म्हणून २०१५ नंतर आता २०२६ ला परत सिंह राशीत. शनी तर त्याहून निवांत, एकेका राशीत अडीच वर्षं! चंद्रराशीच्या मागची, आपली आणि पुढची, अशा तीन राशी मिळून साडेसाती. मावशीची मीन रास, मार्च २०२५ ला शनी मीनेत आल्यापासून दूध उतू गेलं तरी शनीच 😄 मला काही एवढं पटत नाही, पण शनिवारी तिच्यासोबत मारुतीला तेल घालायला जाते बरं का