"मला आता नसायचंय"

गुरुवारी ५:३० ला तिचं सेशन असतं. मी समुपदेशक, नाशिकला इंदिरानगरात घरून काम करते. ती गंगापूर रोडला एका काकूंकडे पेइंग गेस्ट, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) ऑटिझमचं निदान झालं तेव्हा ती १९ वर्षांची होती. तोवर सगळ्यांच्या लेखी ती फक्त हुशार आणि घुमी.

आमच्या सेशनमध्ये कॅमेरा बंद, माइक बंद. दोघीही टाइप करतो. सुरुवातीला मला वाटायचं, ही अंतर राखतेय. चुकलंच माझं. समोरच्याचा चेहरा वाचण्यात आणि स्वतःचा चेहरा सांभाळण्यातच तिची ताकद संपते. टाइप करताना ती मोकळी असते.

गणपती तीन आठवड्यांवर आले होते. सहाच्या सुमारास तिचं टायपिंग मध्येच थांबलं. मी सवयीने विचारलं, "कसं वाटतंय?" आत जे चाललंय त्याला नाव देणं तिला फार जड जातं, हे ठाऊक असूनही.

"माहीत नाही."

मग, "मला आता नसायचंय."

माझ्या पोटात गोळा आला. ऑटिस्टिक लोकांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे 'तसं म्हणायचं नसेल तिला' म्हणून सोडून देणं शक्यच नव्हतं. विचारल्याने तसले विचार डोक्यात शिरतात, हा गैरसमज आहे. म्हणून सरळ लिहिलं, "जीव द्यावासा वाटतोय, की या खोलीत नसायचंय?"

'टायपिंग' दिसायचं, जायचं, पुन्हा दिसायचं. मी गप्प राहिले. मध्ये काही लिहिलं की तिला पहिल्यापासून जुळवाजुळव करावी लागते.

"खोलीत. ढोल."

समोरच्या मैदानावर पथकाचा सराव सुरू झाला होता. नाशिक ढोलाच्या ठेक्यावर मी वाढले, पण तिला त्याचा प्रत्येक ठोका अंगावर बसतो.

मनाचं विचारणं सोडलं, शरीराचं विचारलं.

"दात?"

"आवळलेत."

"हात?"

"गार."

"घरात सगळ्यात आतली जागा?"

"बाथरूम."

"कानात बोळे घाल, फोन घे, तिथे जा. भिंतीला पाठ टेकून बस."

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तिच्याकडे आहे, पण अशा वेळी तिच्या तोंडून शब्दच फुटत नाही. म्हणून काकूंचाही नंबर मी आधीच घेऊन ठेवलाय. १२ मिनिटांनी तिचा मेसेज आला, "दात सुटले." मी जीव देण्याबद्दलचा प्रश्न पुन्हा विचारला. अर्धंच उत्तर मिळालं होतं.

"जीव द्यायचा नाहीये. फक्त ढोल नको."

तिने परवानगी दिल्यावर काकूंना फोन केला. काकूंना ऑटिझम समजावत बसले नाही. एवढंच म्हटलं, की तिला हा आवाज सोसत नाही, सराव असेल तेवढा वेळ दुसरीकडे बसू द्याल का? "अहो, मागची खोली रिकामीच आहे," त्या म्हणाल्या. कॉलेजात मात्र, परीक्षेला शांत खोली द्या, एवढ्या साध्या विनंतीवर "ती तर चांगली बोलते, मार्कही आहेत" असं ऐकावं लागलं होतं. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे, त्यात ऑटिझम आहे. शांत खोलीचा तो अर्ज अजून कॉलेजातच पडून आहे. सोमवारी मी पुन्हा जाणार आहे.

पुढच्या गुरुवारी ६:०५ ला तिने लिहिलं, "काकूंच्या मागच्या खोलीत आहे. भांडी घासल्याचा आवाज येतोय. तो चालतो."