भंगारातली कॅमेरो: लिलावापासून सुट्या भागांपर्यंत

ह्यूस्टनला आल्यापासून जुनी व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनची, अमेरिकन गाडी घ्यायची हौस होती. नव्यासारखी चकचकीत केलेली १९६९ची शेव्हरोलेट कॅमेरो खिशाच्या बाहेरची, म्हणून विमा कंपन्यांनी निकालात काढलेल्या गाड्यांच्या लिलावाकडे मोर्चा वळवला. तिथल्या बऱ्याच गाड्यांवर फक्त परवानावाले डीलर बोली लावू शकतात. आपल्यासारख्याला ब्रोकर गाठावा लागतो, त्याचं कमिशन वेगळं.

फोटोआधी मी टायटल बघायचो. टायटल म्हणजे आपलं आरसी बुक समजा. टेक्ससमध्ये त्यावर 'सॅल्व्हेज', म्हणजे मोडीत काढलेली, असं असेल तर गाडी दुरुस्त करून, व्हीटीआर-६१ फॉर्म आणि ६५ डॉलर भरून 'रीबिल्ट' म्हणून पुन्हा रस्त्यावर आणता येते. 'नॉनरिपेअरेबल' असेल तर विषय संपला, फक्त सुटे भाग. लिलावाच्या यादीतल्या 'रन अँड ड्राइव्ह' या शेऱ्यावर मात्र फार जीव टाकू नये. यार्डात आणली तेव्हा ती सुरू झाली आणि थोडी पुढे सरकली, एवढाच त्याचा अर्थ.

मला सापडलेल्या कॅमेरोचं टायटल सॅल्व्हेज होतं. समोरून जबर ठोकलेली, पण अंगावर एसएसचे, म्हणजे 'सुपर स्पोर्ट' या दमदार मॉडेलचे, बिल्ले झळकत होते. बिल्ले काय, ऑनलाइन कुठेही मिळतात. खरं काय ते नंबर सांगतो. १९८१च्या आधी अमेरिकेत १७ अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक, आपल्याकडचा चासी नंबर) नव्हता. १९६९च्या शेव्हरोलेटचा १३ अक्षरांचा. कॅमेरोचा १२४ने सुरू झाला तर व्ही-८, १२३ने झाला तर सहा सिलिंडर. ही १२३वाली निघाली. पुढे ९ म्हणजे १९६९, आणि 'एन' म्हणजे ओहायोतला नॉरवूड कारखाना. म्हणजे जन्माने ही साधी सहा सिलिंडरची, व्ही-८ कुणीतरी नंतर बसवलेलं. त्या वर्षीची एसएस व्ही-८मध्येच यायची, त्यामुळे कितीही खर्च केला तरी ही खरी एसएस होणार नव्हती.

तरीही बघायला गेलो. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलेला माणूस, हात लावल्याशिवाय गाडीवर विश्वास बसत नाही. काचेतून डॅशवरची व्हीआयएन पट्टी बघितली, रिव्हेट सहा पाकळ्यांच्या फुलासारखे, कारखान्यात असायचे तसेच. मागच्या चाकाभोवतीच्या पत्र्याला चुंबक लावलं तर चिकटेना, आत नुसती लांबी (पुट्टी) भरलेली. डिकीचा तळ गंजून चाळणी झालेला, पुढच्या काचेखालचा पत्रा, म्हणजे काऊलही तसाच. पुढची सबफ्रेम, म्हणजे इंजिन पेलणारी चौकट, वाकली होती, पण ती बोल्टवर असते, बदलता येते. गंजलेला मोनोकोक, म्हणजे एकसंध पत्र्याचा, सांगाडा मात्र बोल्टवर नसतो.

मग धुळीत आडवा होऊन गाडीखाली सरकलो. मागच्या डिफरन्शिअलच्या (इंजिनची ताकद मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) झाकणाचे बोल्ट मोजले: बारा. सहा सिलिंडरच्या गाडीला कारखान्यातून दहा बोल्टवालं यायचं, म्हणजे मजबूत बारा बोल्टवालं कुणीतरी बदलून घातलेलं. गिअरबॉक्सचा रिव्हर्सचा दांडा शेपटीच्या भागावर होता, त्यावरून तो म्युन्सी जातीचा. सॅगिनॉ या दुसऱ्या जातीत तिन्ही दांडे बाजूच्या झाकणावरच असतात. तिथेच ठरवलं, ही गाडी उभी करायची नाही, खोलायची.

कॅमेरोचा प्रत्येक पत्रा नवा मिळतो, डायनाकॉर्न ही कंपनी तर अख्खा सांगाडाच विकते. त्यामुळे गंजलेल्या सांगाड्याला ठिगळं लावण्यात मजुरीच खाते. बोलीची मर्यादा मी डिफरन्शिअल, गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्या किमतीवरून काढली, आणि त्यातून लिलाववाल्यांची बायर फी आणि गेट फी, ब्रोकरचं कमिशन आणि गाडी वाहून नेणाऱ्या फ्लॅटबेड ट्रकचं भाडं आधीच वजा केलं. लिलाव दोनेक मिनिटांत आटोपला. बिल्ल्यांना भुललेला एकजण बराच वेळ चढवत होता, पण माझ्या आकड्याच्या आतच थांबला. पैसे लगेच भरले, कारण गाडी तिथे पडून राहिली की दिवसागणिक भाडं लागतं.

गिअरबॉक्स उतरवल्यावर इनपुट शाफ्टवर (इंजिनकडच्या दांड्यावर) एकच खाच दिसली, म्हणजे म्युन्सीतला एम-२१ प्रकार. दोन असत्या तर एम-२०, एकही नसती तर एम-२२, ज्याला इथले लोक 'रॉक क्रशर' म्हणतात आणि वेड्यासारखे पैसे मोजतात. तरी एम-२१लाही गिऱ्हाईक चटकन मिळालं. त्याने पैशाआधी खाचेचा आणि केसवरच्या शिक्क्याचा जवळून काढलेला फोटो मागितला, आणि ते बरोबरच होतं. डिफरन्शिअल लगेच गेलं, इंजिनला वेळ लागला. या तिघांतच गाडीची किंमत वसूल झाली. बाकीची काच, सीटा, स्टिअरिंग हा वरकड नफा.

एकाने मात्र फक्त व्हीआयएन पट्टी आणि टायटल मागितलं, चांगला भाव देऊन. कशासाठी ते उघड होतं: दुसऱ्या सांगाड्यावर लावायला. ती पट्टी अशी काढून विकणं हा केंद्रीय गुन्हा आहे. मी उत्तरसुद्धा दिलं नाही. पट्टी जागेवर ठेवूनच सांगाडा टायटलसकट भंगारवाल्याला वजनावर दिला आणि पावती फाइलला लावली. दरवाजे तेवढे मागे ठेवलेत. जीएमचे (शेव्हरोलेटची मूळ कंपनी जनरल मोटर्स) अस्सल आहेत, कडेला थोडा गंज. नकली पत्र्याच्या भावात ते मी देणार नाही.