मिम्सीच्या मागावर: न्यू जर्सीच्या कॅसेटी

न्यू जर्सीच्या मावशीकडून आलेलं व्हीएचएस कॅसेटींचं खोकं अखेर बघून संपलं. मावसभावाने ऐंशीच्या दशकात तिथल्या टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या मालिका आहेत. श्रेयनामावली सुरू झाली तरी उठून रेकॉर्डिंग बंद करायचं नाही, हा त्याचा आळस माझ्या चांगलाच पथ्यावर पडला. आपला छंद असल्या आळशी माणसांवरच तर चालतो!

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. मी एमटीएम एंटरप्रायझेस या अमेरिकन टीव्ही मालिका बनवणाऱ्या कंपनीचे, प्रत्येक भागाच्या शेवटी येणारे लोगो गोळा करतोय. अभिनेत्री मेरी टायलर मूर आणि तिचा तेव्हाचा नवरा ग्रँट टिंकर यांनी १९६९ साली ही कंपनी काढली. एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीचा सिंह गर्जना करतो, म्हणून यांनी त्याच थाटाच्या चौकटीत मांजराचं पिल्लू बसवलं. तिचं नाव मिम्सी. एपिसोड संपला की ती एकदा म्यांव करणार आणि पडदा काळा. १९७० ते १९७७ सीबीएस वाहिनीवर चाललेल्या मेरीच्या मालिकेपासून हा शिरस्ता सुरू झाला. खरी गंमत पुढच्या मालिकांत आहे, कारण तिथे मिम्सी वेश पालटू लागली.

या खेपेची मोठी कमाई म्हणजे ‘रेमिंग्टन स्टील’. पिअर्स ब्रॉस्नन बाँड व्हायच्या आधीची ही गुप्तहेराची मालिका. इथे मिम्सीच्या डोक्यावर शेरलॉक होम्सची टोपी आणि तोंडात पाइप असतो. म्यांव करायला तोंड उघडलं की पाइप पडतो. हे मला एकेक फ्रेम पुढे सरकवत बघायचं होतं, आणि तिथेच घोडं अडलं. एकतर कॅसेटी एनटीएससी, म्हणजे अमेरिकन टीव्हीच्या पद्धतीच्या, ५२५ रेषांच्या. आपल्याकडच्या साध्या पाल पद्धतीच्या व्हीसीआरवर त्या नीट लागत नाहीत. काकांनी गल्फहून आणलेला मल्टीसिस्टिम डेक माळ्यावरून काढला, हेड साफ केलं, रबरी पट्टा बदलला. त्यात भाऊ काटकसरी, सगळं ईपी या सर्वात संथ मोडमध्ये भरलेलं. दोन तासांच्या कॅसेटवर सहा तास बसवले की ट्रॅक इतके अरुंद होतात की चित्र थरथरतं आणि ट्रॅकिंगची चकती सतत हातात धरून बसावं लागतं. डोंबिवलीच्या पावसाळ्यात अशा कॅसेटी उघड्या ठेवल्या की बुरशी धरते, त्यामुळे आता सगळ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद आहेत.

दुसरी कटकट ताल जुळवण्याची. मालिका फिल्मवर, सेकंदाला २४ फ्रेम. अमेरिकन टीव्ही सेकंदाला जवळजवळ ३०. हा हिशेब बसवायला फिल्मच्या फ्रेम कधी दोन, कधी तीन फील्डमध्ये वाटतात (फील्ड म्हणजे एकाआड एक रेषांची अर्धी फ्रेम). त्यामुळे व्हिडिओच्या दर पाच फ्रेममध्ये दोन खिचडी निघतात: अर्ध्या रेषा आधीच्या चित्राच्या, अर्ध्या पुढच्या. पाइप नेमका खिचडी फ्रेममध्ये घसरला तर तो दोन ठिकाणी दिसतो. सॉफ्टवेअरने फील्ड सोडवून मूळ २४ परत काढल्या तेव्हा कुठे पाइप सलग पडला. हे काम कंटाळवाणं आहे, पण मला प्रिय आहे.

‘हिल स्ट्रीट ब्लूज’ या पोलिसांच्या मालिकेतली मिम्सीची पोलिसी टोपी आणि ‘सेंट एल्सव्हेअर’ या इस्पितळाच्या मालिकेतला शल्यविशारदाचा पोशाख हे दोन्ही आता स्वच्छ मिळाले. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही; एकदा बघितले की कळतात.

‘न्यूहार्ट’ने मात्र माझी नोंदवही बदलायला लावली. आतापर्यंत मी प्रत्येक लोगोचं एक स्थिरचित्र आणि शेजारी मालिकेचं नाव, वर्ष असं ठेवत होतो. पण या मालिकेत मांजर नेहमीचीच, आवाज तेवढा मालिकेचा नायक बॉब न्यूहार्टचा. तो आपल्या त्या निर्विकार, किंचित वैतागलेल्या सुरात ‘म्यांव’ असं म्हणतो. चित्रावरून हे कुणाला कळणार? २१ मे १९९०च्या अखेरच्या भागात तर आणखी मजा. आठ वर्षं तोंडातून अवाक्षर न काढणारे मालिकेतले दोघे डॅरिल भाऊ त्या भागात प्रथमच बोलतात, बायकांवर ‘क्वाएट!’ म्हणून ओरडतात. आणि मिम्सी तोंड उघडते तेव्हाही म्यांवऐवजी तेच ऐकू येतं. म्हणजे त्या एपिसोडचा शेवटचा विनोद लोगोत आहे. लोगो कापला की विनोद कापला. तेव्हा आता प्रत्येक नोंदीला ध्वनीची फाइल, आणि लोगोच्या आधीचे दहा सेकंद.

म्हणूनच प्लास्टरिंगवर, म्हणजे जुन्या लोगोवर नवा थापण्यावर, माझा इतका राग. एमटीएमची मालिकांची गंगाजळी १९८८मध्ये टीव्हीएस या ब्रिटिश टीव्ही कंपनीकडे, मग इंटरनॅशनल फॅमिली एंटरटेनमेंटकडे, तिथून फॉक्सकडे आणि २०१९मध्ये डिस्नेकडे गेली. मालक बदलला की हे करायची टीव्हीवाल्यांची खोड आपण सगळेच जाणतो. नव्या मालकाने आपलं नाव जरूर लावावं, पण मागून जोडावं. शिवाय १९९४पासून एनबीसी वाहिनीने श्रेयनामावली पडद्याच्या कडेला आक्रसून बाजूला जाहिराती दाखवायला घेतल्या आणि बाकीचेही त्या वाटेने गेले. त्याआधीची रेकॉर्डिंग कितीही खराब असली तरी फेकू नका.

आता राहिला तो ‘सेंट एल्सव्हेअर’चा २५ मे १९८८चा शेवटचा भाग. त्यात मिम्सी आडवी पडलेली, सलाईन लावलेलं, शेजारी ईसीजीचं यंत्र, आणि श्रेयनामावली तिच्यावरूनच सरकते. नावं संपतात तेव्हा ईसीजीची रेष सपाट झालेली असते. खरी मिम्सीही त्याच वर्षी गेली, आणि कंपनी विकली गेली तीही त्याच वर्षी. एवढा काळा विनोद प्राइम टाइमला जाऊ दिला, याबद्दल एनबीसीला शंभर गुन्हे माफ.

भावाच्या कॅसेटवर हा भाग आहे, पण ईसीजीचा टुंटुं आवाज फितीच्या खरखरीत बुडालाय. खरखर जास्त गाळली तर टुंटुंही जातो. सध्या दोन्ही फाइली ठेवल्यात, कच्ची आणि गाळलेली. कुणाकडे हाच भाग एसपी, म्हणजे नेहमीच्या गतीच्या मोडमध्ये, शक्यतो हाय-फाय ध्वनीत रेकॉर्ड केलेला असेल तर कळवा. कॅसेट पाठवायचा खर्च माझा. पुढची खेप ‘द व्हाइट शॅडो’ची.