बोनोबोच्या ट्रॅकवर गायला येणारे आवाज

बोनोबो म्हणजे सायमन ग्रीन, इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा ब्रिटिश प्रोड्युसर, आणि त्याचं नाव काढलं की लोक लगेच सिरस नाहीतर केरळ लावतात. भारीच ट्रॅक आहेत दोन्ही, वादच नाही. पण मला विचाराल तर हा माणूस खरा कळतो तो दुसऱ्याच्या गळ्यासाठी जागा करून देतो तेव्हा.

सुरुवातीचे दोन अल्बम, २००० चा ॲनिमल मॅजिक आणि २००३ चा डायल एम फॉर मंकी, जवळपास इन्स्ट्रुमेंटलच. २००६ च्या डेज टू कम मध्ये बायका नावाची गायिका आली आणि तिथून सगळं बदललं. तिच्या आवाजात बोलल्यासारखं काहीतरी आहे, जॅझ गाणाऱ्यांचं असतं तसं.

पण माझा जीव अडकलाय तो २०१० च्या ब्लॅक सँड्सवर, म्हणजे त्यात गाणाऱ्या आंद्रेया ट्रिआनावर. तीनच गाणी आहेत तिची, आइजडाउन, द कीपर आणि स्टे द सेम, तरी तो अल्बम आठवला की मला आधी तीच ऐकू येते. आइजडाउन नीट ऐका एकदा. खाली गॅरेज या ब्रिटिश डान्स म्युझिकच्या वळणाचा तुटक बीट पळत असतो आणि ही वर एकदम निवांत, बीटच्या किंचित मागे राहून गाते, कसलीच घाई नाही, आणि त्या दोघांच्या मधल्या अंतरातच गाण्याचा सगळा सोल आहे असं मला वाटतं. दुसऱ्या कोणी प्रोड्युसरने तिला बीटवर आणून बसवलं असतं, याने राहू दिलं. त्याच वर्षी तिचा पहिला अल्बम लॉस्ट व्हेअर आय बिलाँग पण यानेच प्रोड्युस केला, आणि तिथे तर तो स्वतः पूर्ण मागे सरकून बसलाय.

२०१३ च्या द नॉर्थ बॉर्डर्सवर अमेरिकन सोल गायिका एरिका बाडू आहे, सगळ्यात मोठं नाव तेच. मला मात्र शर्डीन जास्त आवडते, टॉवर्स आणि ट्रान्झिट्स गाणारी, जी नंतर बँडसोबत टूरलाही गेली. आणि अल्बमची सुरुवात करणारं फर्स्ट फायर्स, ग्रे रेव्हरंडचा तो थकलेला, खालच्या पट्टीतला आवाज, काय बोलावं.

मग २०१७ चा मायग्रेशन. ब्रेक अपार्टमध्ये राय (Rhye) या प्रोजेक्टचा मायकेल मिलोश गातो, इतकं हलकं की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बाई गातेय असंच वाटतं. पण खरी कमाल बांब्रो कोयो गांडा. इनोव्ह ग्नावा हा न्यूयॉर्कमधल्या मोरोक्कन लोकांचा ग्रुप, हातात तीन तारांचं गिंब्री आणि करकबा, म्हणजे लोखंडी चिपळ्याच. मुख्य गायक एक ओळ टाकतो, बाकीचे ती उचलतात, करकबा खणखणत राहतात, अगदी आपल्या भजनात बुवांच्या मागे टाळकरी ओळ उचलतात तसंच. ग्रीनने त्याखाली हाऊस या डान्स म्युझिकचा किक ड्रम सरकवलाय, पण त्यांची लय मोडली नाही. अशा कोलॅबमध्ये बहुतेक वेळा लोकसंगीत नुसतं मसाल्यापुरतं असतं. इथे अख्खा ट्रॅकच त्यांचा आहे.

आणि याच अल्बमवरच्या केरळमध्ये पाहुणा कोणी नाही, तरी आवाज आहेच. ब्रँडी या अमेरिकन गायिकेच्या १९९४ च्या बेबी गाण्यातला एवढासा तुकडा घेतलाय, शब्द जवळपास उरलेच नाहीत, नुसता गळा. म्हणजे समोर बाई गात असो की सॅम्पलमधली, याचा कान आधी आवाजाच्या पोताकडे जातो.

२०२२ च्या फ्रॅगमेंट्समध्ये शिकागोची कवयित्री जमिला वूड्स टाइड्स गाते, सोबत हार्प आणि स्ट्रिंग्ज, माझ्या मते ब्लॅक सँड्सनंतरचं त्याचं सगळ्यात सुंदर गाणं. जॉर्डन रकायचं शॅडोजही मस्त जमलंय. गायक जोजीचं फ्रॉम यू तेवढं मनात बसलं नाही, ते जोजीच्याच अल्बममधलं वाटतं. आता माझी एकच इच्छा आहे, त्याने एकदा ट्रिआनासोबत परत बसावं, आणि या वेळी तीन गाण्यांवर थांबू नये.