अँड्रोजेन : रक्तातील आकड्याच्या पलीकडे

रक्ततपासणीतील टेस्टोस्टेरॉनचा आकडा पाहून स्वतःच्या प्रकृतीचा निवाडा करणारे पुष्कळ जण असतात. परंतु टेस्टोस्टेरॉन ज्यात मोडते त्या अँड्रोजेन गटातील संप्रेरकांचा परिणाम केवळ रक्तातील प्रमाणावर अवलंबून नसून, ती ज्या ऊतीपर्यंत पोहोचतात तिच्यावरही तितकाच अवलंबून असतो. रक्तातील बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना बांधलेले असते आणि मोकळा अंश साधारण 2 ते 3 टक्केच असतो.

हा अंश पेशीत शिरल्यावर जे घडते, ते मला या विषयातील सर्वांत विलक्षण वाटते. त्वचा आणि प्रोस्टेट ग्रंथी यांत 5-अल्फा रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) त्याचे अधिक प्रभावी अशा डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करते. हेच द्रव्य दाढीचे केस दाट करते आणि आनुवंशिक प्रवृत्ती असल्यास डोक्यावरचे केस विरळ करते. मेंदू, मेद आणि हाडे यांत मात्र अरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनपासून चक्क इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्रियांचे मानले जाणारे संप्रेरक, बनवते. 1994 मध्ये नोंदवलेल्या एका 28 वर्षांच्या पुरुषाच्या शरीरात इस्ट्रोजेनचा ग्राही (संप्रेरकाचा संदेश स्वीकारणारे पेशीतील प्रथिन) निकामी होता; टेस्टोस्टेरॉन पुरेसे असूनही त्याच्या हाडांची वाढीची टोके बंद झालेली नव्हती आणि उंची वाढतच होती. मुलग्यांची उंची थांबवण्याचे काम प्रामुख्याने इस्ट्रोजेन करते, हे त्यातून स्पष्ट झाले.

याउलट, अँड्रोजेनचा ग्राही पूर्णपणे निष्क्रिय असेल, तर पुरुषांची एक्सवाय गुणसूत्रे आणि वृषणे असूनही शरीराची बाह्य घडण स्त्रीची होते. स्त्रियांच्या बीजांडकोशांत व अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथींतही अँड्रोजेन तयार होतात आणि स्त्रियांचे इस्ट्रोजेन या अँड्रोजेनपासूनच बनते. त्यामुळे या संप्रेरकांना केवळ पुरुषांच्या खात्यावर टाकणे मला पटत नाही.

वैद्यकीय कारणाशिवाय बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट सहसा येत नाही. रक्तातील पातळी वाढली की मेंदूकडून पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीला आणि तिच्याकडून वृषणांना जाणारे संदेश मंदावतात. शुक्रजंतूंच्या निर्मितीसाठी वृषणांच्या आत रक्ताच्या कितीतरी पट अधिक टेस्टोस्टेरॉन लागते आणि ते वृषणांतच तयार व्हावे लागते; परिणामी अहवालातील आकडा उत्तम दिसत असताना शुक्रजंतूंची संख्या घटते, कधी शून्यावरही येते, आणि औषध थांबवल्यानंतर ती पूर्ववत होण्यास अनेक महिने लागू शकतात.